सरकारी लाल गोळी की डब्यातली 'नॅचरल' पावडर?

ताईंनो, गेल्या काही महिन्यांत गटाच्या बैठकीत कर्ज मागायचं एक नवं कारण ऐकू येतंय : पावडरीचा डबा. अंगात रक्त कमी, उभं राहिलं की चक्कर, पायाला मुंग्या, म्हणून ओळखीतलीच कुणी हा डबा आणून देते. किंमत आठशे, हजार, कधी त्याच्याही वर. सांगणारी सांगते, "हे नैसर्गिक आहे. सरकारी गोळी केमिकलची, ती गरम पडते." मग गटातून दोन टक्क्यानं पैसे उचलायचे, आणि आशाताईनं फुकट दिलेली पट्टी फडताळात तशीच पडून राहते.

रक्त कमी असणं काही थोड्या जणींचं दुखणं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायकांपैकी ५४ जणींना रक्तक्षय निघाला. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर पाहिजे, गरोदर असेल तर ११ च्या वर. पाळीत रक्त जातं म्हणून बाईला पुरुषापेक्षा जास्त लोह लागतं. सरकारच्या २०२० च्या आहार शिफारशीत पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय. आणि आपल्याकडं ताट कुणाचं शेवटी वाढलं जातं, ते मी सांगायला नको.

आता डब्याचा हिशोब. आपण गटाचा हिशोब पैशापैशानं करतो, तसाच करू. शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीत १०० ग्रॅमला २८ मिलिग्रॅम लोह असतं, असं पुष्कळ पाकिटांवर छापलेलं असतं. ते खरं धरू. पण आपण खातो एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम. त्यात आलं दीड मिलिग्रॅमसुद्धा नाही. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. तेवढं लोह पावडरीतून घ्यायचं तर रोज २०० ग्रॅमच्या वर पावडर खावी लागेल. डबा चार दिवसांत संपायचा! शेवगा वाईट नाही, उलट दाराशी झाड असेल तर पाला भाजीत, पिठल्यात, थालीपिठात टाकाच. पण झाडाचा पाला फुकट आणि तोच डब्यात हजाराला, हे मला पटत नाही.

'नैसर्गिक' हा शब्द डब्यावर कुणीही छापू शकतं. आपण बघायचं ते मागच्या बाजूचं बारीक अक्षर. एका चमच्यात लोह किती मिलिग्रॅम, ते तिथं लिहिलंय का? अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर आहे का? आणि अशा पूरक आहाराच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापायचं बंधन आहे. शाळेतल्या लेकीला वाचायला लावा. ज्या डब्यावर ही ओळ आहे, तोच "यानं हिमोग्लोबिन वाढतं" म्हणून विकला जात असेल, तर विकणारीला तिथंच थांबवा.

कारखान्यातलं म्हणजे कमी प्रतीचं, हेही खरं नाही. आवळ्यातलं सी जीवनसत्त्व आणि गोळीतलं सी जीवनसत्त्व शरीराला सारखंच. पालेभाजीतलं फोलेट शिजवताना बरंच उडून जातं, उलट गोळीतलं फॉलिक ॲसिड जास्त चांगलं शोषलं जातं. बी-१२ चं तर वेगळंच आहे. भाकरी, डाळ, पालेभाजी यात ते नसतंच. ते मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटणातून. घरात माळ असेल आणि दूध सगळं डेअरीला जात असेल, तर बाईत ते कमी पडू शकतं. पायाला मुंग्या त्यानंही येतात. स्पिरुलिनाच्या शेवाळात बी-१२ असतं म्हणून विकतात, पण ते बहुतेक आपल्या शरीराला चालत नाही अशा रूपातलं असतं. डॉक्टरांना विचारून तपासणी आणि गोळी किंवा इंजेक्शन, हाच मार्ग.

मग जेवणाचं काही मोल नाही का? फार आहे, फक्त त्याचं काम वेगळं. रोजची गरज जेवणानं भागवायची, आणि आधीच पडलेला खड्डा गोळीनं भरायचा. बाजरीचंच बघा. महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलांना सहा महिने जास्त लोह असलेल्या बाजरीची भाकरी देऊन अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये छापून आला. ज्यांच्यात लोह कमी होतं, त्यांची कमतरता भरून येण्याचं प्रमाण साध्या बाजरीवाल्यांपेक्षा जास्त निघालं. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एएचबी १२०० हे वाण असंच आहे, किलोला ७३ मिलिग्रॅम लोह. एएचबी १२६९ मध्ये ९१. जूनच्या आधी कृषी सहायकाकडं किंवा विद्यापीठाच्या केंद्रावर बियाण्याची चौकशी करा, गटानं मिळून मागितलं तर आणखी बरं. पण हिमोग्लोबिन ८-९ वर आलेल्या बाईनं नुसत्या भाकरीवर विसंबू नये.

गोळी 'गरम पडते' म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे. मळमळ होते, पोट बांधतं, शौच काळी होते. काळी शौच म्हणजे बिघाड नाही, न शोषलेलं लोह बाहेर पडतं. रिकाम्या पोटी त्रास होत असेल तर रात्री जेवण झाल्यावर घ्या, सोबत लिंबूपाणी किंवा पेरूची फोड. चहा आणि दूध गोळीच्या आगेमागे तासभर तरी नको. गरोदरपणातली कॅल्शिअमची गोळीही दोन तास लांब ठेवा. गरोदर बाईला रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. बाळंतिणीचे अळिवाचे लाडू जरूर करा, पण ते गोळीच्या ऐवजी नाहीत. बाकीच्या बायकांना आठवड्याला एक लाल गोळी. शाळेतल्या पोरींना निळी. रक्त कमी निघालं तर डोस वाढतो, तो मात्र डॉक्टर किंवा सिस्टरच ठरवतील.

दोन-तीन महिने नीट गोळी खाऊनही आकडा हलत नसेल, तर कारण दुसरं असतं : जंत, बी-१२ किंवा पाळीत जास्त रक्त जाणं. जास्त रक्त जातं म्हणून लगेच पिशवी काढायला कुणी सांगितलं, तर दुसऱ्या, शक्यतो सरकारी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ज्यांची काढलीय त्यांनी कागद बघावा. अंडाशयही काढलं असेल तर हाडं लवकर ठिसूळ होतात, कॅल्शिअम आणि डी जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारावं.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. कोयत्यावर जाणाऱ्या ताईंनी उचल घेतानाच हिमोग्लोबिन तपासून घ्यावं, आणि पट्टी परतीपर्यंत पुरेल एवढी आशाताईकडं मागावी. गरोदर असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या, ते दाखवून कारखान्याजवळच्या उपकेंद्रातही गोळ्या मागता येतात. कोपीत पट्टी उंचावर बांधून ठेवा. लाल गोळी लेकराला चॉकलेटसारखी दिसते, आणि लहान लेकरानं जास्त गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.