चालत्या घरांतून भूगोलाचा पाठ

भूगोल पुस्तकांत वाचणें निराळें आणि जमिनीवर वाचणें निराळें. जमीन वाचावयाची तर प्रवास सावकाश हवा आणि मुक्काम सोईचा हवा. ह्या कामीं कॅम्परव्हॅन, म्हणजे जिच्या पोटांतच बिऱ्हाड थाटलेलें असतें अशी मोटार, फार उपयोगी पडते. तींत निजावयास जागा, लहानशी गॅसची चूल, दिव्यांकरितां निराळी बॅटरी आणि पाण्याची एक टाकी असते. ह्या टाकीकडे विद्यार्थ्यांनीं विशेष लक्ष द्यावें. अशा गाडीचा एक मार्ग आम्ही आज नकाशावर दाखवितों: कॅनडांतील जॅस्पर गांवापासून रॉकी पर्वतांतून दक्षिणेस, आणि मग कॅल्गरीवरून पूर्वेस सस्कॅचेवन प्रांताच्या गवताळ मैदानापर्यंत.

जॅस्परहून लेक लुईझकडे जाणारा रस्ता सुमारें २३० किलोमीटर लांब असून त्यावरील बो खिंड २,००० मीटरांहून उंच आहे. उतारावर भरलेली गाडी स्वतःच्या भारानें धांवूं लागते. सतत दाबून धरलेला ब्रेक तापून निकामी होतो. म्हणून खालचा गिअर घालून एंजिनाच्याच अटकावानें उतरावें. मुक्काम नेमलेल्या तळावरच करावा लागतो, आणि प्रदेश अस्वलांचा असल्यामुळें खाद्यपदार्थ रात्रीं बाहेर ठेवतां येत नाहींत.

ह्या वाटेवर अथाबास्का हिमनदी लागते. कोणत्या वर्षीं बर्फाची कड कोठें होती हें दाखविणाऱ्या खुणा तिच्या पायवाटेवर उभ्या केल्या आहेत. गेल्या सव्वाशें वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून अधिक मागें हटली आहे. जवळच्याच स्नो डोम शिखरावरचें पाणी तीन दिशांनीं तीन समुद्रांस जातें: अथाबास्का नदीच्या मार्गानें उत्तर महासागरास, कोलंबियाच्या मार्गानें पॅसिफिकास आणि उत्तर सस्कॅचेवनच्या मार्गानें हडसनच्या उपसागरास. वाटेंतील सरोवरें निळीं-हिरवीं दिसतात, तो कांहीं आकाशाचाच रंग नव्हे. हिमनदी खडक दळते; तें पिठासारखें बारीक चूर्ण पाण्यांत तरंगतें आणि प्रकाशाचा निळा-हिरवा भाग परतवितें.

बॅन्फ मागें टाकून पूर्वेकडे वळलें कीं डोंगर संपतात आणि कॅल्गरीपुढें थोड्याच अंतरावर झाडेंहि विरळ होत नाहींशीं होतात. ह्याचें कारण आमच्या विद्यार्थ्यांस समजावयास कठीण नाहीं. महाबळेश्वरीं पावसाची झोड उठली असतां माण तालुक्यांतील शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. तोच न्याय येथें आहे. पॅसिफिकावरील ओले वारे पश्चिमेच्या पर्वतरांगांवर पाणी सांडतात आणि पूर्वेस कोरडे होऊन उतरतात. हिवाळ्यांत हाच उतरता वारा ऊन होऊन मैदानावरील बर्फ झपाट्यानें वितळवितो. त्यास तेथें चिनूक म्हणतात.

मग ह्या कोरड्या मैदानावर गहूं पिकतो कसा? ब्लॅकफुट आदि मूळचे लोक येथें नांगर न धरितां गवतावर चरणाऱ्या गव्यांच्या कळपांवर निर्वाह करीत. १८५७ ते १८६० ह्या काळांत जॉन पॅलिसर ह्यानें हा मुलूख पाहून त्याचा दक्षिण भाग शेतीस अयोग्य ठरविला होता. पुढें ओल्या वर्षांच्या भरंवशावर वसाहतकऱ्यांनीं गवताचें दाट मूळ उपटून जमीन नांगरली. १९३० नंतरच्या दशकांत अवर्षण आलें, तेव्हां मोकळी झालेली माती वाऱ्याबरोबर उडून गेली. १९३५ सालीं कॅनडाच्या सरकारास मैदानांतील शेतीच्या पुनरुद्धाराकरितां खास कायदा करावा लागला. दरम्यान बो नदीचें पाणी कालव्यांत घालण्याची कामें झालीं. बासानो येथील बंधारा १९१४ सालीं पुरा झाला.

म्हणजे मैदानाची टाकी पर्वतावर आहे. बो नदीचें बहुतेक पाणी हिवाळ्यांतील बर्फाचें. तथापि उन्हाळा सरतांना, विशेषतः कोरड्या वर्षीं, हिमनदीचा झरा नदीला आधार देतो. ही हिमनद्यांची ठेव मुद्दल आहे, व्याज नव्हे. आज ती वेगानें वितळते म्हणून पाणी वाढल्याचा भास होईल. ठेव आटल्यावर ऐन गरजेच्या वेळीं पात्र रोडावेल. कॅम्परव्हॅनमधील प्रवासी टाकीचा कांटा पाहून भांडीं विसळतो, कारण रिकामी टाकी त्याला त्याच दिवशीं कळते. मैदानावरील नगरांना आणि शेतांना आपली टाकी शेंकडों कोसांवर असल्यामुळें ती दिसत नाहीं. एवढाच काय तो फरक.

विद्यार्थ्यांनीं नकाशावर बो नदी उगमापासून हडसनच्या उपसागरापर्यंत बोटानें काढावी. मग महाबळेश्वरापासून पूर्वेस जाणारी आपली कृष्णा तशीच काढावी. तिला बर्फाची ठेव नाहीं. तिचें भांडें दरसालच्या पावसानेंच भरतें. दोन्ही नद्यांच्या कांठीं वर्षाचा कोणता महिना सर्वांत कठीण असेल, ह्याचा विचार ज्यानें केला, त्याला हा पाठ समजला असें आम्ही म्हणूं.