कॉम्प्युटरवर काढलेला नंबर

शाळेतल्या शिबिरात हातात धरायच्या छोट्या यंत्राने मुलाचा नंबर उणे दीड दाखवला, दुकानात कॉम्प्युटरवर तो उणे पाऊण निघाला. खरा कुठला? तूर्तास एकही नाही. चष्मा करायला टाकू नका.

यंत्रांशी माझं भांडण नाही. मूळचे नाशिकचे रमेश रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत २०१० मध्ये मोबाइलला जोडून नंबर काढायचं ‘नेत्रा’ हे यंत्र दाखवलं. त्यात डोकावून दिसणाऱ्या रेघा एकमेकींवर जुळवायच्या, की उणे नंबर आणि सिलिंडर (म्हणजे ठरावीक दिशेतला नंबर) दोन्ही कळतात. जिथे डोळ्यांचे डॉक्टर नाहीत, तिथे कोणाला पुढे पाठवायचं हे ठरवायला असली यंत्रं फार कामाची.

पण नवं यंत्र पारखताना ‘सरासरी चूक शून्य’ एवढ्यावर भुलू नये. निम्म्या लोकांना अर्धा नंबर जास्त आणि निम्म्यांना अर्धा कमी दाखवला, तरी सरासरी शून्यच येते आणि चष्मा मात्र एकालाही नीट लागत नाही! मी आधी हे बघते, की त्याच डोळ्याचा नंबर लगेच पुन्हा घेतला तर तोच येतो का. पाव नंबर इकडेतिकडे चालेल. तेवढा फरक माणसाने तपासलं तरी पडतो.

मुलांचं प्रकरण वेगळं. यंत्रात बघताना मूल नकळत डोळ्यावर जोर देतं, आतलं भिंग फुगतं आणि नसलेला उणे नंबर उमटतो. डोळ्यात तपासणीचे थेंब घातले की हा जोर सुटतो, म्हणून मुलांचा पहिला नंबर थेंब घालूनच काढावा. मोठ्यांना मात्र ‘ही काच बरी की ती?’ हे विचारल्याशिवाय चष्मा देऊ नये.

सिलिंडरमध्ये आकड्याइतकाच अक्ष, म्हणजे त्याची दिशा, महत्त्वाचा. तो १० अंशांनी चुकला तर दोषाचा तिसरा हिस्सा शिल्लक राहतो. ३० अंशांनी चुकला तर काच लावून न लावल्यासारखीच. मान किंवा यंत्र कललं तरी अक्ष फिरतो. सिलिंडर भराभर वाढत असेल, मूल सतत डोळे चोळत असेल, तर कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या आकाराचा नकाशा, करून घ्या. केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, त्यात लवकर सापडतो.

थेंबांची तपासणी परीक्षेच्या आदल्या दिवशी ठेवू नका. जवळचं वाचता येत नाही, उजेडही खुपतो. येताना जुना चष्मा आणि यंत्राची छापील चिठ्ठी आणा.