चाकांवरचा मांगर

देवगड तालुक्यांतील विद्यार्थ्यांस मांगर म्हणजे काय हें सांगण्याचें कारण नाहीं. परंतु हा अंक घाटावरील नातलगांच्या घरींही जातो, म्हणून दोन शब्द लिहितों. आंब्याच्या बागेंत राखणीसाठीं व उतरविलेलीं फळें ठेवण्यासाठीं जें लहानसें घर बांधतात, तो मांगर. चार चिऱ्याच्या भिंती, वर कौलें, आंत एक बाजलें, तीन दगडांची चूल, पाण्याची कळशी व एक दिवा, एवढ्यावर राखण्या दोन-दोन महिने सुखानें काढतो. रात्र काढण्यास मनुष्याला किती थोडें लागतें याचा हा वस्तुपाठ आमच्या बागाबागांतून उभा आहे. या मांगरास चाकें लावून तो हवा तेथें नेतां आला तर? गेल्या दोन हिंवाळ्यांत आम्हीं हा प्रयोग घरच्या जुन्या ओम्नी गाडीवर करून पाहिला. त्यांत काय साधलें, काय फसलें आणि कोणत्या चुकीनें प्राणावर बेततें, तें येथें लिहीत आहों.

ही कल्पना कांहीं नवी नव्हे. बैलगाडीवर छप्पर घालून जत्रेस जाणारीं व तिच्यांतच रात्र काढणारीं कुटुंबें आपल्या आजोबांनीं पाहिलीं आहेत. इंग्लंडांत १८८५ सालीं डॉ. गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या निवृत्त आरमारी शल्यवैद्यानें 'वाँडरर' हें घोड्यांनीं ओढावयाचें घर मुद्दाम बांधवून घेतलें. तें महोगनी लांकडाचें व सुमारें दोन टन वजनाचें होतें. अर्थात् तें काम श्रीमंती. आमच्या उपयोगाचें उदाहरण जर्मनीचें आहे. दुसऱ्या महायुद्धानें पोळलेल्या त्या देशांत १९५० सालीं फोक्सवॅगन कारखान्यानें पेटीच्या आकाराची व्हॅन काढली, आणि लगेच १९५१ च्या सुमारास वेस्टफालिया या कारखान्यानें तिच्यासाठीं 'कँपिंग बॉक्स' तयार केला. त्यांत बसण्याची व निजण्याची सोय आणि सामानाची पेटी असा संच असे. सुटीच्या दिवशीं तो गाडींत ठेवावा, कामाच्या दिवशीं बाहेर काढावा. ज्याच्या घरीं एकच गाडी, त्यानें मालासाठीं एक व सहलीसाठीं दुसरी कोठून आणावी? आमच्या गाडीसही मार्चपासून मे अखेरपर्यंत बागेंतले आंबे घरीं आणावयाचे असतात. तेव्हां जर्मनांची ती युक्ति आम्हांस महोगनीच्या घरापेक्षां कितीतरी शहाणपणाची वाटली.

मारुति कंपनीची व्हॅन, जिला पुढें ओम्नी हें नांव मिळालें, १९८४ सालीं आली व २०१९ सालीं तिचें उत्पादन बंद झालें. म्हणजे यापुढें जी मिळेल ती जुनीच मिळेल. २०१० पासून ईको ही तिच्याच कुळांतली, थोडी मोठी गाडी मिळते. दोहींचीं बाजूचीं दारें सरकतीं व मागील दार वर उचलणारें, त्यामुळें अरुंद जागेंतही सामान चढवितां येतें. जुनी गाडी पाहणाऱ्यानें रंगावर भुलूं नये; तळ पाहावा. आमच्या किनाऱ्याची खारी हवा लोखंड गुपचूप खाते. पायाखालचीं रबरी पायपुसणीं उचलून पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनें ठोकावें. खणखणीत आवाज आला तर ठीक; बद्द आवाज आला तर पुढें जाऊं नये. तळाला भोंक असलें तर त्यांतून केवळ पाणी येत नाहीं, एंजिनचा धूरही येतो. आणि या गाडीचें एंजिन पुढील आसनाखालींच असतें. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर तपासणी होऊन ती पुन्हा करावी लागते, हाही खर्च हिशेबांत धरावा.

आतां कायद्याची गोष्ट. पुष्कळांस वाटतें, गाडी आपली, तिचें वाटेल तें करावें. तसें नाहीं. मोटार वाहन कायदा १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें, निर्मात्यानें ठरविलेल्या व नोंदणीपुस्तकांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा बदल मालकास करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मधील निकालांत हेंच बजावलें. छप्पर कापून उंच करणें किंवा आसनें कायमचीं काढून टाकणें हे असे बदल होत. त्यांचा विचारही करावयाचा तर आधीं परिवहन कार्यालयांत जाऊन विचारावें, मग सुतारास बोलवावें. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण आणलें आहे. पण त्याचा रोख पर्यटनाच्या धंद्याकडे, आमच्यासारख्या घरगुती हौशीकडे नव्हे. म्हणून आम्हीं एकच नियम घालून घेतला: गाडीस एकही भोंक पाडावयाचें नाहीं, आणि जें जें आंत जाईल तें अर्ध्या तासांत बाहेर निघालें पाहिजे.

हा नियम आम्हांस सुचला तो मात्र एकदां तोंडघशीं पडल्यानंतर. पहिल्या वर्षीं आम्हीं घरांतल्या कपाटासारखें काम करविलें. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे तीन तक्ते, खण, झांकणें, सर्व यथास्थित. दिसावयास फार सुंदर! मग एका विद्यार्थ्यानें वजनाचा हिशेब केला. तक्ता आठ फूट लांब, चार फूट रुंद, म्हणजे सुमारें २.९७ चौरस मीटर, जाडी ०.०१८ मीटर, प्लायवुडचें एक घनमीटर सुमारें ६०० किलो भरतें. गुणाकार केला तर एका तक्त्याचे ३२ किलो, तिहींचे ९६. म्हणजे माणसें बसण्यापूर्वींच एक धट्टाकट्टा प्रवासी गाडींत कायमचा बसला! करूळ घाट चढतांना एंजिन धापा टाकूं लागलें, व उतरतांना ब्रेकचा वास येऊं लागला. नोंदणीपुस्तकांत रिकाम्या गाडीचें वजन व भरल्या गाडीचें वजन दोन्ही दिलेलीं असतात. त्यांची वजाबाकी करावी, तींतून माणसांचें, पाण्याचें व कपड्यांचें वजन वजा करावें. उरेल त्यांतच लांकूड बसलें पाहिजे. तीं कपाटें आतां आमच्या स्वयंपाकघरांत आहेत व तेथें शोभतात.

दुसऱ्या वर्षीं १२ मिलिमीटरचा एकच तक्ता आणला. त्याचें वजन सुमारें २१ किलो. आठ फुटांचे आडवे चार समान भाग केले, म्हणजे दोन फूट बाय चार फुटांच्या चार फळ्या झाल्या. तीन फळ्या शेजारीं शेजारीं मांडल्या कीं सहा फूट बाय चार फुटांचें अंथरूण होतें. चौथी फळी ओट्यासाठीं राहिली. एक टीचभर लांकूड फुकट गेलें नाहीं. आमच्या गाडींत पुढचीं आसनें सरकवून मागील दारापर्यंत जेमतेम सहा फूट जागा निघते. तुमची गाडी तुम्हीं स्वतः मोजावी, आमच्या मापावर विसंबूं नये. खालीं आधार कशाचा? आंबे भरावयाच्या प्लॅस्टिकच्या क्रेटांचा! मागील आसन दुमडून त्यावर पहिली फळी टेकते, उरलेल्या दोन फळ्या क्रेटांवर. उंचींत दोन बोटांचा फरक होता, तो एका पट्टीनें भरून काढला. क्रेटांच्या पोटांत भांडीं, कपडे व धान्य राहतें. वर आपल्याच काथ्याची गादी, तीन घड्यांची.

मात्र चालत्या गाडींत या बिछान्यावर कोणीही बसूं अथवा निजूं नये. गाडी एकाएकीं थांबली तरी तिच्यांतील वस्तु पूर्वीच्याच वेगानें पुढें जाऊं पाहते, हा न्यूटनचा पहिला नियम इयत्ता नववींत पाठ होतो. पण तासाला ६० किलोमीटर वेगानें मानेमागून येणारा २० किलोचा पाण्याचा कॅन तो एका क्षणांत शिकवील. सबब प्रवासांत फळ्या मागें रचून पट्ट्यांनीं आवळाव्या, जड वस्तु खालीं ठेवावी, आणि माणसांनीं पट्टा असलेल्या आसनावरच बसावें.

यापेक्षांही महत्त्वाची गोष्ट हवेची. डिसेंबरांत गगनबावड्यास आम्हीं पहिली रात्र काढली. थंडी कडाक्याची, म्हणून सर्व कांचा घट्ट लाविल्या. पहांटे पाहतों तों छपरावरून थेंब टपकताहेत व पांघरुणें ओलीं! गाडी गळत नव्हती. निजलेला मनुष्य रात्रभरांत पेलाभर तरी पाणी श्वासावाटे व घामावाटे बाहेर टाकतो. तीच वाफ थंड पत्र्यास लागून पाणी झाली होती. दुसऱ्या दिवशीं समोरासमोरच्या दोन कांचा दोन बोटें उघड्या ठेवून त्यांवर मच्छरदाणीचें कापड बसविलें, आणि तक्रार मिटली.

ओलें पांघरूण वाळतें. परंतु कोंडलेल्या जागेंत शेगडी, स्टोव्ह अथवा जनरेटर चालविला तर जो कार्बन मोनॉक्साइड वायु होतो, त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आणि रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां २०० पटींहून अधिक बळानें जोडला जातो. मनुष्यास गुदमरल्याचें भानही राहत नाहीं. डोकें जड होतें, झोंप येते, आणि ती झोंप मोडत नाहीं. केरळांत वडकरा येथें डिसेंबर २०२४ मध्यें रस्त्याकडेस उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्यें दोन माणसें मृत आढळलीं; जनरेटरचा हा वायु आंत शिरला होता. ती गाडी आमच्यासारखी जुनाट नव्हती, सर्व सुखसोयींची होती. पालकांस आमची कळकळीची विनंति आहे कीं, थंडी कितीही असो, निजण्याच्या गाडींत निखाऱ्याची शेगडी नेऊं देऊं नये, व एंजिन चालूं ठेवून निजूं नये. एक जादा घोंगडी घ्यावी.

स्वयंपाकही बाहेरच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असतो. गळला तर तळाशीं सांचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. ओम्नीचें मागील दार वर उचललें कीं डोक्यावर आयतें छप्पर होतें. त्यास ताडपत्री बांधून चौथ्या फळीचा ओटा दोन क्रेटांवर बाहेर मांडावा. उकडा भात, कुळथाची पिठी व सुका बांगडा यांस याहून मोठें स्वयंपाकघर लागत नाहीं.

विजेचा हिशेब मुलांनीं अवश्य करून पाहावा. ५ वॉटचा दिवा चार तास म्हणजे २० वॉट-तास; १२ वॉटचा पंखा आठ तास, ९६; दोन मोबाइल, ३०. एकूण १४६. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे सुमारें १२ अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर मरते, म्हणून किमान २४ ची हवी. आम्हीं ४० ची बंद तोंडाची घेतली. थंडींत पंखा लागत नाहीं, तेव्हां दोन रात्री निघतात. ती घरींच, मोकळ्या हवेंत भरतों. गाडीच्या मूळ बॅटरीस हात लावूं नये, नाहींतर सकाळीं गाडी ढकलण्यास गांव गोळा करावें लागेल. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा. फ्यूज नसलेली तार म्हणजे आगीची वात.

खर्च असा झाला: तक्ता ३,००० रुपये, सुताराचे दोन दिवस २,०००, गादी ३,५००, बॅटरी ४,०००, दिवा-पंखा-तारा २,०००, जाळी, पट्टे व ताडपत्री १,५००, एकूण १६,०००. क्रेट घरचेच. पहिल्या वर्षींच्या कपाटांचा खर्च येथें धरला नाहीं, तो आम्हांस विसरावयाचा आहे.

मुक्काम कोठें करावा? कुणकेश्वरास वाळू मोहक दिसते, पण वाळूवर गाडी नेऊं नये. चाक रुततें, आणि भरती कोणासाठीं थांबत नाहीं. ज्याची जागा त्यास विचारून, पक्क्या जमिनीवर उभी करावी. आंब्याची सावली उत्तम. माडाची सावली मात्र टाळावी. नारळ पडतांना खालीं कोण निजलें आहे हें पाहत नाहीं.

फेब्रुवारी सरतां सरतां आम्ही फळ्या व गादी बाहेर काढतों. गादी उन्हांत घालतों, फळ्या बागेंतल्या मांगराच्या माळ्यावर चढवितों. क्रेट धुऊन वाळवितों, आणि त्यांत पहिला हापूस भरावयास घेतों.