कूस उजवण्याची वाट पाहताना



नाथषष्ठी जवळ आली की गंगापूर तालुक्यातून पैठणच्या वाटेला दिंड्या लागतात. (गाणगापूर नव्हे हो, ते दत्तप्रभूंचे, भीमेकाठचे. हे आपले गोदाकाठचे.) मुखी नाम असते, हाती टाळ असतो, आणि तरीही मुक्कामावर भाकरी थापताना कोणीतरी एखाद्या सूनबाईला विचारतेच, "काय गं, तीन वर्सं झाली ना लग्नाला? काही हाय का न्हाई?" विचारणारीच्या मनात वाकडे नसते. पण त्या मुलीला रात्री झोप येत नाही. या महिन्याचा पाठ आम्ही तिच्यासाठी, तिच्या नवऱ्यासाठी आणि विचारणाऱ्या आपल्या सर्वांसाठी लिहीत आहोत.

गंगापूर तालुक्याच्या दक्षिण कडेला कायगाव. तेथे समोरच्या टोक्यापाशी प्रवरा गोदामाईला मिळते. प्रवरेने वर गेले की नेवासे, जेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. गोदेने खाली गेले की पैठण, आणि त्याच्या पुढे आपेगाव, माउलींच्या वाडवडिलांचे गाव. म्हणजे आपल्या शेजारच्याच घराची गोष्ट आम्ही सांगत आहोत. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांना लग्नानंतर पुष्कळ दिवस मूल नव्हते. पंतांचे मन संसारात रमेना. ते काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. रुक्मिणीबाई आळंदीत अश्वत्थाला प्रदक्षिणा घालीत राहिल्या. पुढे पंतांचे गुरू आळंदीस आले, त्यांनी बाईंना पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, तेव्हा सारा उलगडा झाला आणि पंत गुरूंच्या आज्ञेने घरी परतले. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई झाली. ही कथा आपल्याला पाठ आहे.

पण कीर्तनात आपण आशीर्वादावर थांबतो. त्याच्या अलीकडची वर्षे पाहा. दुःख दोघांचे, पण एक जण निघून गेला आणि दुसरी एकटी मागे राहिली. आज कोणी काशीला जात नाही. आजचा नवरा पारावर बसतो, रात्री उशिरा येतो, आणि विषय निघाला की "बघू" म्हणतो. बायकोला ती काशीच वाटते. आणि पुढचेही पाहा. चार लेकरे झाल्यावर तरी जग गप्प बसले का? त्याच लेकरांना 'संन्याशाची पोरे' म्हणून वाळीत टाकले. तेव्हा मूल झाले की लोकांची तोंडे बंद होतील, या आशेवर मूल मागू नये. मूल हवे ते मुलासाठी हवे.

आता एक समजूत खोडून काढणे आम्हांला अगत्याचे वाटते. "तू फार काळजी करतेस, म्हणून होत नाही," असे घरोघरी म्हणतात. हे बोलणे धीराचे वाटते, पण खोटा दोष तिच्याच पदरात घालते. नळीतल्या गर्भधारणेचा उपचार घेणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांवरचे चौदा अभ्यास २०११ साली एकत्र तपासले गेले. उपचाराआधी मन किती उदास वा चिंताग्रस्त होते, यावरून गर्भ राहील की नाही ते ठरत नाही, असे त्यात दिसले. फार मोठ्या ताणाने पाळी मागेपुढे होते, झोप जाते, जवळीक नकोशी होते, हे खरे. पण ताण कमी करायचा तो तिचे दुखणे कमी व्हावे म्हणून. ते दुखणे लहान नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत मूल न होणाऱ्या बायकांची उदासी कर्करोगाच्या वा हृदयविकाराच्या रोग्यांइतकीच आढळली होती. आणि ही दोघे एकटी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की सहा माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधीतरी ही अडचण येते.

मनाचा निम्मा घोर अंधारात चाचपडण्याचा असतो. म्हणून मुदत ठरवावी. शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी जोडप्यांना वर्षाच्या आत दिवस जातात. तेवढे थांबावे, बाईचे वय पस्तिशीच्या पुढे असेल, किंवा पाळी फारच अनियमित असेल, तर सहा महिन्यांच्या पुढे थांबू नये. मग दोघांनी मिळून दवाखाना गाठावा. आधी गंगापूरचे सरकारी रुग्णालय, पुढे गरज पडली तर संभाजीनगरची घाटी. निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाकडेही काही कारण निघते आणि त्याची पहिली तपासणी सोपी असते, बिनदुखण्याची. तरी तो सर्वांत शेवटी येतो! बिडी, तंबाखू, दारू त्याने आजच सोडावी. नवे बीज तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा फळही तेवढ्याने दिसते.

तारखा मोजून मोजून संगाचा जाच करून घेऊ नये. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते, पण पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत राहू शकते. दोन-तीन दिवसांआड एकत्र आले की कॅलेंडर भिंतीवरच राहू द्यावे. आणि पाळी आली त्या दिवशी नवऱ्याने पारावर जाऊ नये, घरी बसावे. काही बोलता आले नाही तरी चहा करून द्यावा.

उपासांचे काय? एकादशी सोडा असे आम्ही कसे म्हणू? पण तिच्यावर सोमवार, गुरुवार आणि सोळा नवस चढवून बाई वाळत गेली तर बीज तयार होणेच थांबते. डॉक्टर फोलिक आम्लाची गोळी देतील ती घ्यावी. हरिपाठ म्हणावा, श्वास संथ होतो, चार माणसांत बसणे होते. मात्र इतके जप केले म्हणजे इतके मिळावे, असा बाजार पांडुरंगाशी मांडू नये. पाळी आली की मग जपच खोटा वाटू लागतो, आणि होता तो आधारही जातो.

दैवी शक्तीने मूल देतो म्हणून बाईला एकटी बोलावणाऱ्या बाबाच्या दारी जाऊच नये. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा नावाखाली केलेला अत्याचार स्पष्ट गुन्हा आहे. सरळ पोलिसांत जावे.

झोप उडाली, जेवण जाईना, जीव नकोसा वाटू लागला, तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करावा. तो फुकट आहे, मराठीत बोलता येते. आणि सासूबाईंनो, पंक्तीत कोणी सुनेला तो प्रश्न विचारला तर उत्तर तुम्ही द्यावे. "ते त्यांचं ते बघतील, तू वाढ आमटी," एवढे पुरे होते.