वंगण कुठं आणि पाचट कुठं

पोरी, घर्षणाचं गणित आलं की दोन्हीकडचं वस्तुमान कापून टाकायची तुला फार घाई. कापण्याआधी एवढंच विचार, ब्रेक कुणाच्या चाकाला आहे?

उसाचा ट्रॅक्टर बघ. तो स्वतः अडीच टन; दोन भरल्या ट्रॉल्यांसकट सगळं साडेबावीस टन धर. ट्रॉल्यांना बहुतेक ब्रेक नसतोच. थांबवायचे साडेबावीस टन आणि रस्ता धरणार अडीच टनांखालची चाकं. तुझं μN खरं, पण इथला N एकट्या ट्रॅक्टरचा. सपाटीवर नुसता ट्रॅक्टर दोन मीटरांत थांबत असेल, तर त्याच वेगात भरलेला अठरा मीटर जाईल. करंजी घाटात उतारही मागून लोटतो. म्हणून घाट लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या शहाण्याच्या गाडीत बसू नकोस.

ओल्या काळ्या रानात भरली ट्रॉली मधेच थांबवायची नाही. बसलेलं हलवायला जोर जास्त, चालतं ठेवायला कमी. पुस्तकातल्या स्थितिक आणि गतिक घर्षणासारखंच हे. चाक गरगरा फिरायला लागलं की रेस वाढवून उपयोग नाही, घसरत्या चाकाची पकड उलट कमीच होते. खाली उतरायचं, चाकापुढं पाचट टाकायचं आणि हळू क्लच सोडायचा. मागं माणसं उभी करून वजन वाढवतात, त्यानं मागची चाकं धरतात खरी. पण पुढची हलकी होऊन उचलली की स्टिअरिंग नुसतं हातात फिरतं.

माझ्या वडिलांनी लोणीला प्रवरा कारखान्याच्या १९५०-५१ च्या पहिल्या गळिताला ऊस नेला, तो लाकडी चाकांच्या बैलगाडीतून. गाडीखाली वंगणाचा नळा लोंबायचा. आस कुरकुरला की बैलांच्या माना भरून यायच्या, म्हणून वंगण आसालाच. तेच बैलांच्या खुरांखाली सांडलं असतं तर चढावर गाडी मागं आली असती. टायरगाडीत बेअरिंग आलं, नळा गेला. रस्त्यापाशी पकड मात्र तेव्हाही लागायची, आताही लागते.

आणि काल वहीत तू ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी घर्षणाचा बाण मागं काढलायस. ते चाक मातीला मागं रेटतं, माती त्याला पुढं ढकलते. ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलीच्या चाकाचा बाण मागंच राहू दे. ट्रॅक्टरचा तेवढा खोड आणि पुढं काढ.