एकवीस दिवसांचं इंजेक्शन

सहावीत असताना माझा घसा धरला. तो बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. गुडघा उतरला तर घोटा, घोटा उतरला तर मनगट. आजी म्हणाली, वात फिरतोय. तालुक्याच्या डॉक्टरांनी मात्र रुमॅटिक ताप ओळखला आणि दर २१ दिवसांनी पेनिसिलिन लावून दिलं. कमरेत ते घेतलं की दोन दिवस लंगडायचं. सांधे तर केव्हाच ठणठणीत झाले होते. अकरावीला शहरात आले आणि इंजेक्शन सुटलं. घरात कुणी विचारलं नाही, मीही आठवण करून दिली नाही.

बत्तिसाव्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत धाप लागायला लागली. वाढलेलं वजन, कमी हिमोग्लोबिन, सगळ्यांवर खापर फोडून झालं. दोन उशांशिवाय झोप येईना, तेव्हा टूडी एको केला.

डाव्या कुशीवर झोपवून, छातीला गार जेल लावून बरगड्यांच्या मधे प्रोब टेकवतात. पडद्यावर लाल-निळं दिसलं आणि मी मनात शुद्ध-अशुद्ध रक्त वेगळं करून टाकलं. तसं काही नसतं. प्रोबकडे येणारं रक्त लाल दाखवतात, दूर जाणारं निळं. खरी गोष्ट हृदयातल्या मायट्रल झडपेची होती. निरोगी झडपेच्या दोन पाकळ्या उघडल्या की ४ ते ६ चौरस सेंटिमीटर वाट होते. माझी १.१ उरली होती. कडा एकमेकींना चिकटलेल्या, पुढची पाकळी हॉकीच्या काठीसारखी वाकलेली. त्या रुमॅटिक तापामुळे इतकी वर्षं झडप मुकाट्याने आखडत होती आणि मी गुडघ्यांवर खूश!

झडपेवर कॅल्शियम फारसं साठलं नव्हतं, म्हणून बलूनवर भागलं. त्याआधी अन्ननलिकेतून एको करून डाव्या कप्प्यात गुठळी नाही ना, ते पाहिलं. मग जांघेतल्या शिरेतून फुगा. आता वाट १.९ आहे.

एकोचे जुने रिपोर्ट फेकू नका. आकडा सरकतोय का, ते त्यावरूनच कळतं. ‘ट्रिव्हियल’ गळती वाचून मात्र घाबरू नका, ती धडधाकट माणसांतही दिसते. आणि मुलाचे सांधे असे फिरते सुजले, तर तेल चोळत बसू नका. इंजेक्शन थांबवायचं की नाही, ते हृदयाच्या डॉक्टरांना ठरवू द्या. झडप बिघडलेली असेल तर ते चाळिशीपर्यंत, कधी त्यापुढेही घ्यावं लागतं.

माझं पुढचं मंगळवारी आहे.