संथेतील ध्वनी आणि अर्थ

काशीच्या रामघाटावरील वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयाच्या नावातील ‘सांग’ हे पद लक्षणीय आहे. सांग म्हणजे षडंगांसहित. त्यांपैकी शिक्षा उच्चार सांभाळते, निरुक्त अर्थ उकलते. दोहोंसाठी स्वतंत्र शास्त्रे रचणाऱ्यांना ही दोन कार्ये भिन्न वाटली असली पाहिजेत. मंत्र अर्थहीन होत, हे कौत्साचे मत यास्काने मांडून खोडले, तेही याच संदर्भात.

घनपाठात हा भेद प्रत्यक्ष ऐकू येतो. तीन पदे १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशी फिरतात. वाक्यार्थ मोडतो, संधी मात्र उलट क्रमातही नव्याने साधावा लागतो. येथे स्मरणाला अर्थाचा टेकू जवळजवळ नाहीच.

मेंदूच्या अभ्यासाने हा भेद दुसऱ्या वाटेने गाठला. लिख्तहाइमने १८८५ मध्ये वर्णिलेल्या एका वाचाविकारात रोगी ऐकलेले शब्द बिनचूक पुन्हा उच्चारतो, परंतु त्यांचा अर्थ त्याला उमगत नाही. दुसऱ्या एका विकारात नेमके उलट घडते: अर्थ कळतो, पुनरुच्चार अडखळतो. हिकॉक व पोपेल यांच्या मांडणीनुसार कानशिलामागील खंडाच्या वरच्या भागात ध्वनीची पारख झाल्यावर दोन वाटा फुटतात. खालची त्याच खंडाच्या मधल्या-खालच्या भागांतून अर्थाकडे नेते. वरची, प्रामुख्याने डाव्या गोलार्धातली, ललाटखंडातील उच्चारयंत्रणेकडे.

२०१६ मध्ये हार्टझेल व सहकाऱ्यांनी २१ यजुर्वेदी पंडितांच्या मेंदूंची तुलना तितक्याच इतर व्यक्तींशी केली. पंडितांच्या दोन्ही कानशील-खंडांत करडे द्रव्य अधिक दाट आढळले. स्मृतीशी निगडित हिपोकॅम्पसमध्येही फरक दिसला. मात्र ही रचनेची तुलना आहे. पाठांतरामुळेच मेंदू असा घडला, असे तिने सिद्ध होत नाही. आणि ध्वनी व अर्थ यांचे वाटेही तिने वेगळे मोजलेले नाहीत. गौरवाच्या भरात हे बहुधा विसरले जाते.

‘अर्थाविना घोकंपट्टी’ हा आक्षेपही तितकाच घाईचा होय. स्वर न चुकवता सहस्रावधी पदे धारण करणे ही मेंदूची स्वतंत्र सिद्धी आहे, अर्थग्रहणाची कनिष्ठ प्रत नव्हे. गंमत अशी, की महाराष्ट्रीय दशग्रंथी परंपरेत निघंटु आणि निरुक्त हे अर्थाचे ग्रंथदेखील संथा घेऊनच मुखोद्गत केले जातात. असा दशग्रंथी आणि भाष्य अभ्यासलेला वैदिक यांना एकच ऋचा ऐकवून दोघांच्या मेंदूंतील खालची वाट तपासली, तर कौत्साच्या प्रश्नाला नाही, तरी त्याच्या आधुनिक वारसांना काही उत्तर मिळू शकेल.